उस्तादांची उबवणपेटी

चौतीस वर्षं भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला डॉक्टरांनी पाच मिनिटांत घरी बसवलं. छातीचा फोटो उजेडाकडे धरून ते म्हणाले की मैद्याची धूळ फुफ्फुसात उतरली आहे, आता बेकरीत पाऊल टाकायचं नाही. उस्ताद घरी आले, बायकोला हे सांगितलं, हातपाय धुतले आणि खुर्चीत बसले. पुढे काय करायचं ते काही त्यांना सुचेना.

उस्ताद हे त्यांचं खरं नाव नव्हे. बेकरीतले कामगार त्यांना तसं म्हणत, मग गिऱ्हाइकं म्हणू लागली, आणि शेवटी सगळी गल्लीच म्हणायला लागली. मान मिळण्यासारखं कामही होतं त्यांचं. फुगायला ठेवलेल्या पिठावर नुसता तळवा टेकवून ते सांगत, अजून दहा मिनिटं. भट्टीच्या तोंडाशी उघडा हात धरून मनात आकडे मोजत आणि म्हणत, आता घाला. थर्मामीटर त्यांनी कधी वापरला नाही. ज्याला स्वतःचा हात नाही त्यानं वापरावा, असं ते चारचौघांत म्हणायचे.

आता तो हात रिकामा होता, आणि रिकाम्या हाताचा सगळ्यात जास्त त्रास बायकोला होत होता. घर म्हणजे औषधांच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत बायकोचं शिलाई मशीन होतं. तीन शाळांचे गणवेश ती शिवायची. उस्ताद तिला गॅस बारीक कर म्हणून सांगू लागले, कात्रीला धार काढू का विचारू लागले. एक दिवस तर ती बाजारातून येईपर्यंत त्यांनी तिची बटणं डब्यांमध्ये नीट लावून ठेवली. शाळेप्रमाणे लावलेली बटणं त्यांनी आकाराप्रमाणे लावली होती.

बायको चिडली नाही. खाली बसून बटणं पुन्हा वेगळी करता करता ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षं तुम्ही मला दिवसा झोपलेलेच दिसलात. आता एकदम सगळेच्या सगळे दिसायला लागलात. मला जरा सवय होऊ द्या."

मागच्या खोलीत सासूबाई असत. एकोणऐंशी वर्षांच्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यावर चार वर्षांपूर्वी मुलीनं त्यांना इथे आणलं होतं. जावयाचं आणि त्यांचं भांडण असं कधी झालं नाही, पण त्यासाठी आधी बोलणं व्हायला हवं, तेही कधी झालं नव्हतं. लग्न ठरत होतं तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं की अंधारात घराबाहेर पडणारा आणि उजाडल्यावर झोपणारा माणूस एक तर पहारेकरी असतो नाही तर चोर. मुलगी हट्टानं उभी राहिली म्हणून लग्न झालं. त्यानंतर जावई विचारायचा, चहा झाला का, आणि सासूबाई म्हणायच्या, झाला. एवढ्यावर तीस वर्षं निभावली होती. गेल्या वर्षभरात तर त्यांनी मुलीशी बोलणंही कमी केलं होतं. पलंगावर भिंतीला टेकून बसायच्या, हात मांडीवर. रेडिओ लावू का विचारलं तर मान हलवायच्या.

अशा त्या घरात मंगळवारी आणि शुक्रवारी अंडीवाली यायची. शहराबाहेर ओढ्यापलीकडे तिचं घर होतं आणि चाळीस-एक कोंबड्या. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला ती आली ती चेहरा पाडूनच. खुराड्यात मुंगूस शिरलं होतं आणि निम्म्या कोंबड्या गेल्या होत्या. त्यातही गेल्या त्या जुन्या, अंड्यांवर नेटानं बसणाऱ्या. उरलेल्या तरण्या होत्या, अंडी घालत होत्या, पण थंडीत एकही खुडूक होईना. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तरच पिल्लं. आणि पिल्लं आत्ता निघाली नाहीत तर पुढच्या वर्षी खुराडं निम्मंच राहणार. हे सगळं ती उस्तादांच्या बायकोला अंडी मोजून देता देता सांगत होती. मग खुर्चीतल्या उस्तादांकडे बघून, उगीच काहीतरी बोलायचं म्हणून, ती म्हणाली, "दादा, तुमच्या भट्टीत ठेवू का ही अंडी?"

बायको हसली. उस्ताद हसले नाहीत. त्यांनी विचारलं की कोंबडीच्या पोटाखाली ऊब किती असते. अंडीवालीनं जरा विचार केला आणि सांगितलं, अंगात थोडा ताप असलेल्या माणसाला हात लावला की लागते तेवढी. दिवस किती? एकवीस. बसलेली कोंबडी उठते का? उठते, दाणे टिपते, परत बसते आणि चोचीनं अंडी फिरवते. उस्ताद असे प्रश्न विचारत गेले की अंडीवालीच अवघडली. ती थट्टा करत होती हे सांगायला तिला जागाच उरली नाही. शुक्रवारी तिनं चोवीस ताजी अंडी भुश्यात घालून आणली.

पेटी तयार व्हायला तीन दिवस लागले. खालच्या दुकानात औषधं जाड थर्माकोलच्या खोक्यातून येत, त्यातला एक मोठा खोका मिळाला. शेजारच्या इलेक्ट्रिशियननं दिव्याचा होल्डर बसवून दिला, जुन्या संगणकातला हातभर वायरीचा छोटा पंखा दिला आणि ऊब कमी झाली की दिवा लावणारं, वाढली की विझवणारं एक यंत्र आणून दिलं. ते दर वेळी कट असा आवाज करायचं. यंत्रावर आकडे दिसत. सदतीस आणि अर्धा. हातावर विश्वास असलेल्या माणसाला शेवटी आकड्यांपुढे मान तुकवावी लागली, आणि बायकोनं ते बोलून दाखवायची संधी सोडली नाही.

झाकणाला आत बघायला काच हवी होती. ती उस्तादांना भिंतीवर सापडली. दुसऱ्या दिवशी बायकोच्या लक्षात आलं की लग्नाच्या फोटोला काच नाही. ती दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

पेटी ठेवायची कुठे हा प्रश्न अवघड होता. पुढच्या खोलीत दार उघडलं की गार वारा शिरायचा, स्वयंपाकघरात सकाळी उकाडा आणि दुपारी गारठा. ऊब एकसारखी राहायची ती फक्त मागच्या खोलीत, कारण सासूबाईंना थंडी सोसत नसे आणि तिथली खिडकी सहसा उघडत नसे. उस्ताद उंबऱ्याशी जाऊन उभे राहिले.

"आई, तुमच्या खोलीत एक पेटी ठेवायची होती. थोडा आवाज होईल."

"कसला?"

"पंख्याचा. आणि दिवा लागताना, विझताना कट असा."

"दिव्याचं मला काय. ठेवा."

पहिल्या चोवीस अंड्यांच्या मागे उस्ताद अक्षरशः लागले. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला आणि दिवसातून पाच वेळा ती फिरवली. आठवड्यानं अंधार करून एकेक अंडं बॅटरीच्या उजेडावर धरलं, तर बहुतेकांच्या आत लाल दोऱ्यांचं जाळं पसरलेलं आणि मधोमध एक काळा ठिपका थरथरणारा. त्यांनी मशीनवरून बायकोला उठवून आणलं. काचेचा राग विसरून तीही बघतच राहिली.

एकविसावा दिवस आला आणि गेला. बावीस, तेवीस. पेटी गप्प. चोविसाव्या दिवशी उस्तादांनी मोरीत बसून एकेक अंडं फोडलं. बायको तोंडाला हात लावून बाहेर उभी होती. पाच अंडी रिकामी होती. बाकीच्यांत पिल्लं पूर्ण वाढलेली होती, पिसांसकट, नखांसकट, आणि मेलेली. आतला पापुद्रा वाळून कातड्यासारखा झाला होता आणि पिल्लाच्या अंगाला चिकटून बसला होता. उस्ताद कितीतरी वेळ ते बोटानं चाचपत राहिले. ऊब बरोबर होती, फिरवणं बरोबर होतं. ओल कमी पडली होती. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत त्यांनी पेटीत पाण्याची एकच वाटी ठेवली होती, तीही लहान. पिठावर ओलं फडकं टाकलं नाही तर वर साल धरते आणि मग ते फुगत नाही, हे बेकरीत आलेल्या नवख्या माणसाला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट. ती त्यांनीच आजवर कितीजणांना सांगितली होती.

अंडीवाली आली तेव्हा त्यांनी तिला तोंड दाखवलं नाही. बायकोनंच सांगितलं. अंडीवाली म्हणाली, कोंबडीच्याही कधी कधी फुकट जातात. पण जाताना तिची पावलं जड पडत होती ते उस्तादांना आतून ऐकू आलं. त्यांनी पेटीची वायर काढली, पेटी पुसून कोरडी केली आणि कपाटावर टाकली.

दुसऱ्या दिवशी चहाचा कप घेऊन ते मागच्या खोलीत गेले, तर सासूबाईंनी कप घेतला आणि नेहमीसारखं तोंड वळवलं नाही.

"पेटी नेलीत वाटतं."

"हो. तुम्हाला आवाजाचा त्रास होत असेल."

"त्रास कसला. सवय झाली होती." त्यांनी एक घोट घेतला. "काय चुकलं?"

उस्तादांनी सांगितलं. आधी दोन वाक्यांत सांगणार होते, पण मग पापुद्र्याचं सांगितलं, ओल्या फडक्याचं सांगितलं, मोरीत बसून अंडी फोडल्याचंही सांगितलं. सासूबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

"म्हणजे कारण कळलं," त्या म्हणाल्या.

"कळलं."

"मग पेटी वर कशाला टाकलीत?"

त्या शुक्रवारी उस्ताद स्वतः दारात उभे राहिले आणि अंडीवालीकडे आणखी तीस अंडी मागितली. ती क्षणभर घुटमळली, पण पुढच्या फेरीला घेऊन आली.

या वेळी वाटीऐवजी पसरट ताटली आली. त्यात गणवेशाच्या कापडाच्या उरलेल्या पट्ट्या अर्ध्या पाण्यात, अर्ध्या वर अशा उभ्या केल्या, म्हणजे त्या पाणी शोषून हवेत सोडत राहतील. काचेवर आतून हलकं धुकं धरलं की उस्ताद समाधानानं मान हलवत. आणि आणखी एक फरक पडला. अंडी फिरवायला आत गेले की ते मोठ्यानं बोलू लागले. आता वळवतोय, आता पाणी घालतोय, आता झाकण लावलं. सासूबाई ऐकायच्या. चार-पाच दिवसांनी त्या म्हणाल्या की दुपारची फेरी त्या करतील, नाही तरी बसूनच असतात. पेन्सिलीची फुली त्यांना दिसणार नव्हती. यावर तोडगा बायकोनं काढला. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला तिनं औषधाच्या दुकानातल्या चिकटपट्टीचा तांदळाएवढा तुकडा लावला. सासूबाईंची बोटं आत जायची, तुकडा शोधायची आणि अंडं अलगद दुसऱ्या कुशीवर निजवायची. तीस अंडी, एकही दुसऱ्याला न आपटता. त्यांच्या बोटांत एवढी सफाई कुठून आली हे उस्तादांना कळेना. त्यांनी विचारलं, तेव्हा कुठे ती गोष्ट निघाली.

सासूबाई टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या हे उस्तादांना माहीत होतं, पण म्हणजे काय ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्यांनी कानाला यंत्र लावून समोरच्या फळीवर वायरी जोडल्या होत्या. माणूस बोलायच्या आधी नुसत्या श्वासावरून त्या ओळखायच्या की घाईत आहे की रडतोय. त्यातली निम्मी वर्षं रात्रपाळी. त्या कामावरून यायच्या तेव्हा त्यांचे यजमान कामाला निघालेले असत.

"आमची भेट जिन्यात व्हायची," त्या म्हणाल्या. "मी वर, ते खाली. किल्ली हातात द्यायची आणि पुढे जायचं. माझ्या मुलीच्या नशिबी तो जिना नको, एवढंच माझ्या मनात होतं. बोलले मात्र भलतंच."

उस्ताद हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. तीस वर्षं जी गोष्ट त्यांना काट्यासारखी सलत होती तिच्यामागे हे होतं. तांब्या खाली ठेवून ते म्हणाले की जिना तिच्याही नशिबी आलाच, फक्त आमचा दुसऱ्या मजल्याचा होता. सासूबाई हसल्या. पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. आईचं हसू मुलीनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

सातव्या दिवशी चार अंडी रिकामी निघाली, ती काढली. सव्वीस उरली. अठराव्या दिवसापासून अंडी फिरवायची नसतात, पिल्लू बाहेर पडायच्या तयारीनं बसलेलं असतं. त्यांनी ताटलीतलं पाणी वाढवलं आणि झाकण लावून टाकलं.

एकोणिसाव्या दिवशी उस्तादांना श्वासाच्या तपासणीसाठी इस्पितळात जावं लागलं. बायको गणवेश पोहोचवायला शाळेत गेली होती. जाताना आईसाठी थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवलं होतं. बाराच्या सुमारास कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर मोठा आवाज करून बंद पडला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली.

उस्तादांना ते कळलं परत येताना, दुकानं अंधारी दिसली तेव्हा. तीन वाजून गेले होते. त्यांनी जिन्यावर धाव घेतली, पण छातीनं पहिल्याच वळणावर त्यांना थांबवलं. कठडा धरून उभे राहिले, पुन्हा निघाले, पुन्हा थांबले. दोन मजले चढायला त्यांना इतका वेळ कधी लागला नव्हता. आत येऊन बघतात तर सासूबाई पलंगावर नव्हत्या. जमिनीवर पेटीला टेकून बसल्या होत्या. पेटीभोवती त्यांची गोधडी आणि अंगावरची शाल गुंडाळलेली, आणि हवेसाठी ठेवलेली दोन भोकं तेवढी मोकळी सोडलेली. त्या स्वतः एका पातळ कपड्यात कुडकुडत होत्या.

पंखा थांबल्याबरोबर त्यांना कळलं होतं. थोडा वेळ कट ऐकू येतो का याची वाट पाहिली, मग उठल्या. गुडघे शेकायची रबरी पिशवी चाचपून शोधली, थर्मासमधलं पाणी अंदाजानं तिच्यात ओतलं आणि झाकण एकदाच उघडून पिशवी अंड्यांच्या शेजारी सरकवली. अंड्यांवर नव्हे, शेजारी. तीन तासांत झाकण पुन्हा उघडलं नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं भाजून लाल झाली होती. उस्ताद ती बघायला लागले तर त्यांनी हात मागे घेतला.

"बोटं नंतर. आधी आत बघा."

आकडे दाखवणारं यंत्र बंद होतं. उस्तादांनी एक अंडं काढून मिटलेल्या पापणीवर टेकवलं. कोमट होतं. हवं त्यापेक्षा कमी, पण गार नव्हतं.

मग त्यांनी गॅसवर पाणी चढवलं आणि घरात होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या भरल्या. प्रत्येक बाटली फडक्यात गुंडाळून ते उघड्या हाताला लावायचे आणि मनात मोजायचे. ही फार गरम, जरा थांबू दे. ही बरोबर. बायको आली, तिनं काही न विचारता आईला स्वेटर चढवला, बोटांना मलम लावलं आणि बाटल्या भरायला उभी राहिली. दर अर्ध्या तासाला निवलेली बाटली बाहेर, तापलेली आत. तिघांनी जेवण तिथेच जमिनीवर केलं. आठला वीज आली. पंखा फिरला, दिवा लागला, यंत्रावर आकडे उमटले, छत्तीस आणि वर तीन. उस्तादांनी ते बायकोला दाखवले आणि हाताकडे बोट केलं. ती म्हणाली, कळलं, आता झोपा.

पण एकविसाव्या दिवशी काहीच झालं नाही. उस्ताद सकाळपासून काचेला नाक लावून बसले होते. संध्याकाळी उठून त्यांनी बायकोला सांगितलं की हीही गेली. वीज गेली तेव्हाच गेली असणार. उद्या मोरीत बसून बघतो. बायकोनं समजूत घातली नाही. घातली असती तर त्यांना ते आवडलं नसतं हे तिला ठाऊक होतं.

बाविसावा दिवस उजाडला. उस्ताद आत गेले तर सासूबाई पेटीशी वाकून बसलेल्या, कान थर्माकोलला लावून. त्यांनी हातानं खूण केली, थांबा. मग हळूच म्हणाल्या, "आहेत. एक नाही, तीन-चार आहेत. एक जण ठोकतोय."

उस्तादांनी गुडघे टेकले आणि कान लावला. बेकरीतल्या पीठ मळायच्या यंत्राशेजारी इतकी वर्षं काढल्यावर त्यांचे कान तसे अधूच होते. त्यांना आपल्या छातीतली घरघर ऐकू आली आणि पंख्याची घरघर, दुसरं काही नाही. त्यांनी पुन्हा कान लावला. काहीच नाही. सासूबाईंच्या तोंडाकडे बघितलं, तर त्या अठ्ठावीस वर्षं फळीसमोर बसल्या असतील तशा बसल्या होत्या, मान किंचित कलती, श्वास धरून.

"नक्की, आई?"

"मी म्हणतेय ना."

त्यांनी बायकोला सांगितलं, मोरीचं राहू दे.

अकराच्या सुमारास एका अंड्यावर चांदणीसारखा तडा दिसला. मग त्यातून एक पांढुरकं टोक. ते हललं, थांबलं. तास गेला, दोन तास गेले. उस्तादांचे हात शिवशिवत होते. जरासं टरफल काढून दिलं तर बिचारं सुटेल. पण ओल कोंडलेली पेटी उघडली तर बाकीच्यांचे पापुद्रे वाळतील, हे त्यांना मोरीतल्या त्या सकाळनं शिकवलं होतं. आणि भट्टीचं दार मध्येच उघडलं की पाव बसतो हे तर हाडात मुरलेलं होतं. ते हात काखेत घालून बसले. तीन वाजता टरफलाची टोपी उडाली आणि एक ओलं, काळपट, अजिबात देखणं नसलेलं पिल्लू बाहेर पडून शेजारच्या अंड्यावर मान टाकून झोपलं.

"मेलं का?" बायकोनं घाबरून विचारलं.

"दमलंय," सासूबाई पलंगावरून म्हणाल्या. "श्वास ऐकू येतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीस बाहेर आली. सहा अंडी तशीच राहिली. एक पिल्लू टरफलातून अर्धं येऊन तिथेच संपलं, त्याचं उस्तादांना पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं. अंग वाळल्यावर पिल्लं फुलली, पिवळी, तपकिरी, दोन ठिपक्यांची. उस्तादांनी त्यातलं एक उचललं आणि सासूबाईंच्या ओंजळीत ठेवलं. त्यांनी बोटं मिटली, पुन्हा थोडी उघडली.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "ठोकत तर केवढ्यानं होतं."

शुक्रवारी अंडीवाली आली तेव्हा कुणी तिला काही सांगितलं नाही, नुसतं मागच्या खोलीत नेलं. तिनं पिल्लं तीनदा मोजली. मग जमिनीवर फतकल मारून बसली आणि हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसत म्हणाली की घरच्या माणसाला सांगितलं तर तो खोटं म्हणेल, त्याला उद्या घेऊनच येते.

इतक्या थंडीत पिल्लं ओढ्यापलीकडे नेणं बरं नव्हतं. म्हणून तीन आठवडे ती पुढच्या खोलीत, गणवेशांच्या मोठ्या खोक्यात, दिव्याखाली राहिली. बायकोच्या मशीनच्या आवाजावर त्यांचा चिवचिवाट चालायचा. ती कटकट करायची आणि दर तासाला उठून त्यांचं पाणी बघायची. डॉक्टरांनी धुळीचं बजावलं होतं, म्हणून तिनं उस्तादांच्या नाकातोंडावर बांधायला दुहेरी पट्टी शिवली. निळ्या चौकड्यांची, प्राथमिक शाळेची. ती बांधून ते खोका साफ करायला बसले की बायको म्हणायची, माझा नवरा शाळकरी दरोडेखोर दिसतो.

त्या हिवाळ्यात पेटी आणखी दोनदा भरली. तिसऱ्या खेपेला अठ्ठावीसांतली तेवीस निघाली. गल्लीतले लोक बघायला यायचे, आणि मागच्या खोलीत कुणी आलं की सासूबाई त्यांना सांगायच्या, कान इथे लावा, इथे नाही, जरा खाली. अंडीवालीच्या ओळखीचा एक बदकंवाला शहराबाहेरून दोन बस बदलून आला आणि विचारून गेला की बदकाच्या अंड्यांना किती दिवस लागतील. उस्ताद म्हणाले, माहीत नाही, पण घेऊन या. अठ्ठावीस लागतात हे मग सगळे मिळून मोजून शिकले.

मार्च संपता संपता कोंबड्या आपापल्या खुडूक बसू लागल्या आणि पेटीला सुट्टी मिळाली. उस्ताद आता सुताराकडे जाऊन बसायचे. लाकडी, दोन कप्प्यांची, शंभर अंड्यांची पेटी करायची होती. आतला पंखा कुठे बसवायचा यावर सासूबाईंचं आणि त्यांचं एकमत होत नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं होतं की पंखा मागे नेला तर आवाज दबेल आणि मग आतलं काही ऐकू येणार नाही. शेवटी पंखा बाजूला बसला.

उन्हाळा सरता सरता एका मंगळवारी अंडीवालीनं टोपलीतून कागदात गुंडाळलेलं एक अंडं वेगळं काढून दिलं. पेटीतल्या एका पिल्लानं, म्हणजे आता कोंबडीनं, घातलेलं पहिलं. लिंबाएवढं, टरफलावर रक्ताची बारीक रेघ. उस्तादांनी ते तळहातावर घेतलं आणि लगेच म्हणाले की हे उबवायला ठेवू. अंडीवाली हसायला लागली. म्हणाली, दादा, पहिलं अंडं उबवत नाहीत, फार लहान असतं, खाऊन टाका.

कुणी खायचं यावर थोडा वेळ गेला. मग बायकोनं ते उकडलं, सोललं आणि आईला नेऊन दिलं. सासूबाईंनी मीठ मागितलं आणि सगळंच्या सगळं एकटीनं खाल्लं.